'आम्ही' आणि 'आपण' : स्त्रियांच्या ऐक्याची कल्पना आणि दलित स्त्रियांचे आत्मकथन

१

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी दोन सर्वनामे आहेत. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे असेल तर 'आम्ही', त्याला सामावून घ्यायचे असेल तर 'आपण'. हिंदीतील 'हम' किंवा इंग्रजीतील त्याच अर्थाचे सर्वनाम हा भेद करीत नाही. तेथे कोण आत आणि कोण बाहेर हे संदर्भावर सोडलेले असते आणि बोलणाऱ्याला ते सोयीस्करपणे संदिग्ध ठेवता येते. मराठीत ही सोय नाही. अनेकांच्या वतीने बोलू लागताच बोलणाऱ्याला समोरच्याशी असलेले आपले नाते उघड करावे लागते.

स्त्रीवादी चळवळीतील ऐक्याचा प्रश्न या व्याकरणिक भेदाच्या आधारे तपासून पाहण्यासारखा आहे. स्त्री या नात्याने सर्व स्त्रिया एक आहेत, ही भूमिका 'आपण'ची भूमिका आहे. जात, वर्ग, धर्म यांनी स्त्रियांचे जगणे मुळातच भिन्न केले आहे, ही भूमिका 'आम्ही'ची आहे. या दोन भूमिका परस्परविरोधी आहेत असे गृहीत धरून पुष्कळ वाद झाला. ऐक्य हवे असेल तर भेद गौण माना, भेद मानायचे असतील तर ऐक्याची आशा सोडा, असा पर्याय पुन्हापुन्हा पुढे ठेवला गेला. हा पर्याय फसवा आहे. दलित स्त्रियांची मराठी आत्मकथने बारकाईने वाचली तर त्यांतील 'आम्ही' हा 'आपण'ला दिलेला नकार नसून त्याची पूर्वअट आहे, असे दिसते. मात्र ही अट पुरी व्हायची असेल, तर ऐक्याचा पाया 'समान दुःखा'च्या कल्पनेवरून हलवावा लागतो. तो कोठे हलवावा, हे या आत्मकथनांतूनच शोधता येते.

२

हा प्रश्न मराठीत १९७५ नंतर निर्माण झाला, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकातील दोन लेखनकृती शेजारीशेजारी ठेवल्या, तर त्याची दोन्ही टोके तेव्हाच स्पष्ट झालेली दिसतात.

पहिली कृती ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) हे पुस्तक. सुरतेतील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर दोषारोप सुरू झाले. त्या दोषारोपांना उत्तर देण्यासाठी बुलढाण्याच्या एका मराठा स्त्रीने लेखणी उचलली. ज्या विधवेची बाजू ती घेत होती, ती तिच्या प्रांतातली नव्हती आणि तिच्या जातीचीही नव्हती. जातीची सीमा ओलांडून एका स्त्रीने दुसरीच्या वतीने बोलण्याचे हे मराठीतील ठळक आणि आरंभीचे उदाहरण आहे. पुस्तकाच्या शीर्षकातच जगाची विभागणी स्त्री आणि पुरुष अशी केलेली आहे आणि त्या विभागणीत विजयालक्ष्मी व ताराबाई एका बाजूला येतात. परंतु हे ऐक्य केवळ सद्भावनेतून आलेले नाही. पुनर्विवाहबंदीची उच्चवर्णीय चाल अन्य जातींतही प्रतिष्ठेचे लक्षण म्हणून पसरत आहे, याची ताराबाईंना जाणीव होती. ब्राह्मण विधवेचे दुःख त्यांना परके वाटले नाही, कारण ते निर्माण करणारी रूढी त्यांच्याही उंबरठ्याशी येऊन पोचली होती.

दुसरी कृती हिच्या सत्तावीस वर्षे आधीची आहे. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. त्यात ती आपल्या समाजातील स्त्रियांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते. डोक्यावर छप्परही नसताना, पावसात आणि वाऱ्यात बाळंत होणाऱ्या या स्त्रियांना काय सोसावे लागत असेल, याचा विचार वाचणाऱ्याने स्वतःच्या अनुभवावरून करावा, असे ती सुचवते. या विनंतीचे स्वरूप विलक्षण आहे. बाळंतपण हा स्त्रियांना एकत्र बांधणारा अनुभव मानला जातो. स्त्रियांच्या एकत्वाचा युक्तिवाद करणाऱ्याला याहून भक्कम उदाहरण मिळणार नाही. मुक्ताबाई नेमका तोच अनुभव निवडते आणि त्यातला भेद दाखवते. वेणा सारख्या असतील, पण छप्पर सारखे नाही. आणि हा भेद दाखवून झाल्यावर ती संवाद थांबवीत नाही, उलट स्वतःच्या अनुभवाचा दाखला घेण्यास सांगून ती वाचणाऱ्याला जवळ बोलावते. निबंधाचा तत्कालीन वाचक बहुधा शिकलेला पुरुष होता. बाळंतपणाचा पडताळा स्वतःच्या अनुभवावरून घेण्याचे आवाहन त्याला कितपत लागू पडणार? ते आवाहन पुरतेपणी ऐकू शकेल असा वाचकवर्ग तेव्हा जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. मुक्ताबाईचा निबंध अशा रीतीने भविष्यातील वाचक स्त्रीची वाट पाहत राहिला.

ताराबाईंची वाट 'आपण'पासून सुरू होते, मुक्ताबाईची 'आम्ही'पासून. पहिली साम्यावर भर देते, दुसरी भेदावर. पण दोघींच्याही लेखनात दुसऱ्या स्त्रीशी नाते जोडण्याची शक्यता जिवंत आहे, हे महत्त्वाचे. पुढील काळात चळवळीच्या स्मृतीत ताराबाईंना मानाचे स्थान मिळाले. मुक्ताबाईचा निबंध मात्र बराच काळ फुलेचरित्रातील एक तपशील म्हणूनच राहिला.

३

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या सुमारास महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या स्त्री-मुक्ती संघटनांनी 'भगिनीभाव' ही कल्पना आत्मसात केली. तिच्यामागे पाश्चात्त्य चळवळीची प्रेरणा होती. रॉबिन मॉर्गन यांनी संपादित केलेल्या १९७० च्या संग्रहाच्या शीर्षकातच भगिनीभावाच्या सामर्थ्याचा उद्घोष होता. परंतु मराठीत ही कल्पना केवळ अनुवादातून आली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुण्यातून १९७७ पासून निघालेले 'बायजा' हे नियतकालिक असो, की ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' (१९८३) हे गावोगावी गेलेले नाटक असो, त्यांनी स्त्रियांच्या बोलण्यातला खासगी कोंडमारा सार्वजनिक केला. नवऱ्याची मारहाण, हुंडा, मुलगी झाल्याची खंत हे प्रत्येकीचे वैयक्तिक दुर्दैव नसून ती एक सामाजिक रचना आहे, हे सांगण्यासाठी 'आपण' हे सर्वनाम आवश्यकच होते. त्याचे ऐतिहासिक कार्य नाकारता येणार नाही.

त्या सर्वनामाची मर्यादा एका प्रकरणात ठळकपणे दिसते. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. हे प्रकरण 'मथुरा प्रकरण' या नावाने ओळखले जाते. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० मध्ये देशभर निदर्शने झाली आणि अखेर १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पोलिसांच्या किंवा अन्य अधिकाऱ्यांच्या ताब्यात असताना झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, ही तरतूद त्या लढ्याचे फलित होय. स्त्रियांच्या ऐक्याचे एवढे मूर्त यश क्वचितच सांगता येईल.

तरीही एक प्रश्न उरतो. खुल्या पत्रात त्या मुलीच्या दारिद्र्याचा आणि सामाजिक स्थानाचा उल्लेख होता. पण प्रकरण जसजसे चळवळीचे प्रतीक बनत गेले, तसतसे ते 'स्त्रीवरील' अत्याचाराचे प्रतीक झाले आणि तिचे आदिवासी असणे, मोलमजुरी करून जगणे, हे पार्श्वभूमीला गेले. पोलीस ठाण्यात तिला काय सोसावे लागेल, हे तिच्या केवळ स्त्री असण्यावरून ठरले नव्हते. शहरातील सुशिक्षित स्त्रीने तिच्या ठिकाणी स्वतःला कल्पून निषेध केला. ही कल्पनाशक्ती मोलाची होती, परंतु स्वतःला तिच्या जागी ठेवताना तिची जागाच पुसली गेली. 'आपण' म्हणण्याची घाई झाली की असे होते. ज्याचा समावेश करायचा, त्याचे वेगळेपण हेच समावेशाचे मूल्य म्हणून वसूल केले जाते.

४

या पार्श्वभूमीवर दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा उदय पाहावा लागतो. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१), मुक्ता सर्वगोड यांचे 'मिटलेली कवाडे' (१९८३), शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ही पुस्तके स्त्री-मुक्ती चळवळीच्या ऐन भराच्या काळातली आहेत. त्यांपैकी 'जिणं आमुचं' हे आधी, १९८२ मध्ये, 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले होते. या तपशिलाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. शीर्षकात 'आमुचं' असा निःसंदिग्ध वगळणारा शब्द घेऊन हे लेखन अशा मासिकात आले, ज्याचे नावच सर्व स्त्रियांना सामावून घेणारे होते आणि ज्याचा वाचकवर्ग प्रामुख्याने मध्यमवर्गीय, उच्चवर्णीय होता. म्हणजे 'आम्ही'चा उच्चार 'आपण'च्या अंगणात जाऊन केलेला आहे. तो तेथे ऐकला जावा म्हणूनच केलेला आहे.

तो उच्चार वाचक स्त्रीला काय ऐकवतो? 'जिणं आमुचं'मधील सरपणाचा प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. महारवाड्यातील बायका रानातून लाकडे आणून ब्राह्मणांच्या घरी विकतात. घरातली स्त्री लांबूनच बजावते, की लाकडांना केस किंवा चिंधीचा धागा अडकलेला राहू देऊ नका, घर विटाळेल. मग लाकडे आणणारी स्त्री एकेक लाकूड निरखून पाहते आणि मोळी अंगणात रचून देते. येथे समोरासमोर उभ्या आहेत त्या दोन स्त्रिया. पुरुष दृश्यात नाही. आतली स्त्री सोवळ्याओवळ्याच्या ज्या नियमांनी स्वतः जखडलेली आहे, विटाळाच्या दिवसांत ज्या नियमांनी तिलाही बाजूला बसवले जाते, त्याच नियमांची ती या क्षणी पहारेकरीण आहे. तिची दास्याची बेडी आणि तिच्या हातातले हत्यार या दोन वस्तू वेगळ्या नाहीत.

'समान दुःखा'वर आधारलेली ऐक्याची कल्पना या प्रसंगापुढे अपुरी पडते. दोघीही पीडित आहेत असे म्हटले तर ते खोटे नाही, पण एकीच्या पीडेचे पालन हीच दुसरीची पीडा आहे, हे त्यात येत नाही. उलट, त्या दोघींमध्ये काहीच समान नाही असे म्हटले, तर दोघींना उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे उभे करणारी व्यवस्था एकच आहे, हे निसटते. प्रसंगाचा अर्थ साम्यातही नाही आणि निव्वळ भेदातही नाही. तो संबंधात आहे.

कुमुद पावडे यांच्या संस्कृत अध्ययनाच्या कथनातून हाच संबंध वेगळ्या अंगाने प्रकट होतो. महार समाजातील मुलगी संस्कृतात उच्च पदवी मिळवते, तरी तिला त्या विषयाची नोकरी मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते आणि मग नोकरी मिळते. ज्ञान तेच, पदवी तीच, बदलले ते नाव. माहेरच्या आडनावाची कुमुद मात्र नाकारलेलीच राहिली, ही जाणीव लेखिका विसरू देत नाही. स्त्रीने विवाहानंतर नाव बदलणे म्हणजे पितृसत्तेने तिची ओळख पुसणे, अशी मांडणी स्त्रीवादाने केली आणि ती योग्यच आहे. पण येथे नवऱ्याच्या आडनावाने बंद दार उघडले. याचा अर्थ स्त्रीवादी मांडणी चुकली असा नाही. पतीच्या नावाने स्त्रीची ओळख ठरवणारी पितृसत्ता आणि आडनावावरून माणसाची पात्रता ठरवणारी जातिव्यवस्था येथे एकाच शब्दात काम करीत आहेत. एकीला जे नाव लादलेले ओझे वाटते, ते दुसरीला परवाना ठरते, आणि परवाना ठरते म्हणूनच तो अपमानही ठरतो. नावाचा प्रश्न केवळ 'स्त्रीचा' प्रश्न म्हणून मांडला, तर हा अपमान ऐकूच येत नाही.

आणि पुन्हा बाळंतपण. बेबी कांबळे महारवाड्यातील बाळंतिणीची उपासमार, औषधपाण्याचा अभाव आणि अजाण वयातली बाळंतपणे यांविषयी लिहितात, तेव्हा १८५५ मधील मुक्ताबाईचा निबंध जणू पुढे चालू होतो. मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत स्त्रीशिक्षण झाले, सुधारणेची आंदोलने झाली, स्त्रियांच्या परिषदा झाल्या. पण छपराचा आणि भाकरीचा प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा मांडावा लागला.

५

'आम्ही' हे सर्वनाम मात्र निर्दोष आहे, असे समजण्याचे कारण नाही. त्याचीही किंमत असते आणि 'जिणं आमुचं' हेच त्याचे सर्वांत प्रामाणिक साक्षीपुस्तक आहे. बेबी कांबळे महारवाड्यातील स्त्रियांचे हाल लिहिताना स्वसमाजाला सवलत देत नाहीत. सासुरवासाची वर्णने, कोवळ्या सुनांचा छळ, पायात अडकवलेला लाकडी खोडा, कापलेली नाके हे सारे त्या सांगतात. त्यामागची मीमांसाही देतात. सर्वांकडून गुलाम केलेल्या समाजाला हुकूम गाजवण्यासाठी कोणी उरले नव्हते, म्हणून त्याने घरातल्या सुनेला गुलाम केले. उंबरठ्यावरचा प्रसंग आणि घरातला हा प्रसंग एकमेकांशी जोडलेले आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

पण सर्वांचे सांगणाऱ्या या पुस्तकात स्वतःच्या संसाराबद्दल जवळजवळ मौन आहे. माया पंडित यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला, तेव्हा त्यासोबतच्या मुलाखतीत त्या मौनाचा उलगडा झाला. पतीच्या भीतीने हस्तलिखित वीस वर्षे दडवून ठेवावे लागले होते, मारहाणही सोसावी लागली होती. तरीही लेखिकेला व्यक्तिगत दुःखापेक्षा समाजाचे दुःख सांगणे अधिक निकडीचे वाटले. म्हणजे 'आम्ही'च्या आत एक 'मी' दडलेली होती आणि तिला बोलायला पाव शतक लागले. ज्याप्रमाणे 'आपण स्त्रिया' या उद्गारात दलित स्त्री हरवली, त्याप्रमाणे 'आम्ही दलित' या उद्गारात स्त्री गप्प राहिली. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) ही 'मी' अखेर मोकळी होते. नवऱ्याचा विरोध, शिक्षणाची ओढ, दलित चळवळीतील पुरुषांची वृत्ती आणि स्त्रीवादी मैत्रिणींमधला वावर हे सारे त्या एकाच कथनात आणतात, आणि दोन्ही ठिकाणी पूर्ण घर मिळाले नाही, ही जाणीवही लपवीत नाहीत. आई विणीत असलेल्या बांबूच्या आयदानाशी स्वतःच्या लेखनाची तुलना त्या करतात, तेव्हा वेगवेगळ्या कामट्या एकमेकींखालून-वरून जाऊनच वीण तयार होते, हेही त्यात अभिप्रेत धरता येते.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथाच्या शीर्षकातील 'ही' या अव्ययाकडे या संदर्भात पाहावे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींवर आणि कागदपत्रांवर आधारलेल्या या ग्रंथाने दाखवून दिले, की दलित स्त्रिया स्त्री-मुक्तीच्या कार्यक्रमात उशिरा सामील झालेल्या नव्हत्या. १९४२ मध्ये नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेने घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वाला बंदी आणि कामगार स्त्रियांच्या सवलती यांविषयी ठराव केले होते. हे प्रश्न पुढे चळवळीने 'नवे' म्हणून हाती घेतले. 'आम्ही' हा वेगळेपणाचा शब्द आणि 'ही' हा सहभागाचा. वेगळे राहून सामील होण्याचा हा दावा दलित पुरुषांनी लिहिलेल्या चळवळीच्या इतिहासाला उद्देशून आहे, तसाच उच्चवर्णीय स्त्रियांनी लिहिलेल्या स्त्री-मुक्तीच्या इतिहासालाही.

६

१९९० नंतर हा प्रश्न सिद्धान्ताच्या पातळीवर आला. मंडल आयोगाच्या शिफारशींवरून १९९० मध्ये झालेल्या आंदोलनात सुशिक्षित तरुणी आरक्षणाच्या विरोधात रस्त्यावर उतरल्या. १९९२-९३ च्या दंगलींत स्त्रियांचा आक्रमक सहभाग दिसला. स्त्रिया स्वभावतः एक आहेत, हा विश्वास त्यानंतर टिकणे शक्यच नव्हते. १९९५ मध्ये दलित स्त्रियांच्या स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या. १९९६ मध्ये चंद्रपूर येथील परिषदेत २५ डिसेंबर हा मनुस्मृतिदहनाचा दिवस भारतीय स्त्री-मुक्ती दिन म्हणून पाळण्याचा प्रस्ताव पुढे आला. ८ मार्चच्या शेजारी दुसरी तारीख उभी राहिली.

या काळात गोपाळ गुरू यांनी (१९९५) दलित स्त्रियांचे वेगळे बोलणे उच्चवर्णीय स्त्रीवाद आणि दलित पुरुषांचे नेतृत्व या दोहोंविरुद्धचे आहे, असे दाखवून दिले. आपले वास्तव आपणच मांडण्याचा त्यांचा अधिकार त्यांनी अधोरेखित केला. शर्मिला रेगे यांनी (१९९८) त्या मांडणीचे महत्त्व मान्य करून एक सावधगिरीची सूचना केली. केवळ 'भिन्नते'चा उच्चार करून थांबले, तर प्रत्येक गटाचे दुःख त्या गटापुरते राहते आणि इतरांची जबाबदारी संपते. दलित स्त्रियांनी दलित स्त्रियांबद्दल लिहावे, इतरांनी आदराने मान डोलवावी आणि आपले लेखन पूर्ववत चालू ठेवावे, असा सोयीचा तह त्यातून होऊ शकतो. म्हणून दलित स्त्रीवादी भूमिकादृष्टी ही केवळ जन्माने मिळणारी मालमत्ता नसून, इतरांनाही स्वतःला बदलून तिच्याकडे यावे लागेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत बेल हुक्स यांनी १९८४ मध्ये याच्याशी मिळतीजुळती भूमिका घेतली होती. आपण सगळ्या बळी आहोत, या भावनेवर उभारलेला भगिनीभाव त्यांनी नाकारला, पण भगिनीभाव नाकारला नाही. राजकीय बांधिलकी म्हणून त्याची नव्याने उभारणी करण्यास त्यांनी सांगितले.

तुलना उपयुक्त असली तरी मराठी आत्मकथनांचा अर्थ लावण्यासाठी जवळचा आधार उपलब्ध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा संबंध जातींतर्गत विवाहाच्या नियमाशी जोडला. जात टिकवायची तर स्त्रीवर नियंत्रण हवे. या सूत्राने पाहिले असता ताराबाईंना अस्वस्थ करणारी विधवा आणि मुक्ताबाईची छपराविना बाळंत होणारी स्त्री या दोन वेगळ्या कथांतील पात्रे राहत नाहीत. एकीला कोंडून आणि दुसरीला बाहेर काढून एकच व्यवस्था आपली कुंपणे राखते. उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये मांडलेली 'ब्राह्मणी पितृसत्ता' ही संकल्पना याच दिशेची आहे. ऐक्याचा पाया हलवायचा तो येथे. स्त्रियांना एकत्र आणू शकणारी गोष्ट त्यांचे समान दुःख ही नव्हे, तर त्यांच्या असमान दुःखांचा समान उगम ही आहे. आणि या उगमाची ओळख पटताना प्रत्येकीला आपण त्या व्यवस्थेत कोठे उभ्या आहोत, कोणाच्या वंचनेवर आपली प्रतिष्ठा तोललेली आहे, हेही पाहावे लागते.

हा केवळ सैद्धान्तिक खल नाही. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने खुनाबद्दल शिक्षा दिल्या, परंतु अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाल्याचे मानले नाही आणि स्त्रियांच्या विनयभंगाचा आरोपही सिद्ध मानला नाही. घटनेतील जात वगळली गेली आणि स्त्रीही वगळली गेली. एकीचा विचार दुसरीविना करण्याची सवय असलेल्या भाषेत दोन्ही एकदम निसटतात, याचे याहून कठोर उदाहरण देता येणार नाही.

७

साहित्यसमीक्षेने या सर्वांतून काय घ्यावे? दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचे स्वागत मराठी समीक्षेने 'दाहक', 'विदारक', 'अस्सल' अशा विशेषणांनी केले. ही विशेषणे वाचकाच्या भावनेचे वर्णन करतात, वाचकाच्या स्थानाविषयी काही सांगत नाहीत. सरपणाचा प्रसंग वाचताना उच्चवर्णीय वाचक स्त्रीचे मन लाकडे निवडणाऱ्या स्त्रीसाठी हळहळते आणि ती स्वतःला तिच्याच बाजूला उभी करते. पण प्रसंगात तिची जागा आधीच ठरलेली आहे. ती उंबरठ्याच्या आत आहे, तिच्या आजीच्या जागी. ती जागा ओळखून वाचणे हे हळहळण्यापेक्षा अवघड आहे. अनुभवाच्या अस्सलपणाची ग्वाही देणारी समीक्षा वाचकाला या अवघड कामातून सोडवते, म्हणून ती अपुरी आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा, की अशा वाचनाने अपराधभाव तेवढा वाढतो, आणि अपराधभावातून चळवळ उभी राहत नाही. हे खरे आहे. परंतु जागा ओळखणे म्हणजे अपराध कबूल करून मोकळे होणे नव्हे. ताराबाईंनी विजयालक्ष्मीची बाजू घेतली ती अपराधभावाने नव्हे, तर रूढी कशी काम करते हे उमगल्यामुळे. दुसरा आक्षेप असा, की भेदांची यादी संपणारी नाही. दलितांमध्येही उपजाती आहेत, मग आदिवासी, भटक्या-विमुक्त, मुस्लिम स्त्रिया आहेत. प्रत्येकीचा 'आम्ही' वेगळा मानला तर 'आपण' कधी येणार? येथे लक्षात घ्यावे, की यादी करणे हे ऐक्याचे काम नव्हेच. सरपण आणणारी आणि सरपण घेणारी यांतला संबंध समजला, की व्यवस्थेचा एक सांधा समजतो. दुसरे सांधे शोधण्याची दृष्टी त्यातूनच येते. भेद अनंत असतील, त्यांना जोडणाऱ्या यंत्रणा अनंत नाहीत.

मराठीतील 'आपण' हा शब्द केवळ समावेशक अनेकवचनी नाही. तो आदरार्थी द्वितीयपुरुषही आहे, आणि 'स्वतः' या अर्थानेही येतो. सामावून घेणे, समोरच्याचा मान राखणे आणि स्वतःकडे वळणे या तीन क्रिया भाषेने एका शब्दात ठेवल्या आहेत. चळवळीने त्यांपैकी पहिला अर्थ आधी घेतला, उरलेले दोन मागे राहिले. दलित स्त्रियांच्या 'आम्ही'ने त्या दोन अर्थांची आठवण करून दिली. बेबी कांबळे यांचे लेखन १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकाच्या वाचक घरांत पोचले, तेव्हा मुक्ताबाईला हवी असलेली वाचक स्त्री मराठीत तयार झाली होती. तिला स्वतःचे बाळंतपण आठवत होते आणि डोक्यावर छप्परही होते. त्या छपराखाली बसून छप्पर नसलेलीचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करावा, एवढेच १८५५ मध्ये मागितले होते. ते मागणे अजून पुरे व्हायचे आहे, आणि स्त्रियांच्या ऐक्याची कोणतीही मांडणी त्याला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.